आधी पाटी, मग पातळ : लक्ष्मी रस्त्याची गोष्ट

गेल्या काही भागांत आपण घरातल्या वस्तूंचा इतिहास पाहिला. आज घराबाहेर पडू आणि एका रस्त्याची गोष्ट ऐकू. पुण्यात राहणाऱ्या बाईला हा रस्ता ठाऊक नाही असे होत नाही. लग्न ठरले की बस्ता बांधायला इथे यायचे, दिवाळीच्या आधी इथे यायचे, बाळंतविडा घ्यायचा तरी इथेच. तो आपला लक्ष्मी रस्ता.

पण आज साड्यांचे भाव सांगायचे नाहीत. या रस्त्यावर आपण बायका खरेदीला येऊ लागलो, त्याच्या कितीतरी आधी इथे बायका शिकायला आल्या. ती हकिगत दुकानांच्या पाट्यांमागे झाकली गेली आहे. आज ती थोडी बाजूला करून पाहू.

सुरुवात नावापासून. लक्ष्मी रस्ता म्हटले की पुष्कळांना धनाची देवी आठवते. सराफांच्या पेढ्या पाहिल्या की तसे वाटणे साहजिकच आहे. पण पुण्यात सांगतात ते असे, की हे नाव लक्ष्मीबाई दगडूशेठ हलवाई यांचे. दगडूशेठ हे मिठाईचे नामांकित व्यापारी, आणि लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. प्लेगने त्यांचा मुलगा नेला. त्या दुःखातून दोघांनी देवकार्य आणि लोककार्य हाती घेतले. दगडूशेठांच्या नावाचा गणपती जगभर माहीत झाला. लक्ष्मीबाईंच्या नावाने बुधवार पेठेत दत्तमंदिर आहे. म्हणजे पुण्यातल्या सर्वांत गजबजलेल्या बाजाराला नाव आहे ते एका बाईचे, आणि ते रोज हजारो तोंडी येते.

आता हा रस्ता कसा झाला ते पाहू. पुण्याचे मूळ गाव म्हणजे कसबा. त्याच्या भोवती एकेक पेठ वसत गेली. पेठ या शब्दाचा अर्थच मुळी बाजाराची वस्ती. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजन नेमायचे, व्यापाऱ्यांना कौल द्यायचा, काही वर्षे कर माफ करायचे, म्हणजे वाणी, सोनार, कोष्टी, तांबट येऊन राहत. नारायण पेठ १७६१च्या सुमाराची, नानासाहेब पेशव्यांचे धाकटे पुत्र नारायणराव यांच्या नावाची. सदाशिव पेठ १७६९ची, पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची, थोरल्या माधवरावांनी वसवलेली. आज या पेठा शहराचे काळीज आहेत, पण वसल्या तेव्हा त्या गावाबाहेरची उपनगरेच होती. आपल्या कोथरूड-वारज्यासारखीच म्हणा ना!

इथे एक गंमत सांगून टाकू. नारायणपेठी साडीचा आणि आपल्या नारायण पेठेचा काही संबंध नाही. ती साडी तेलंगणातल्या नारायणपेठ गावची. लक्ष्मी रस्त्यावर नारायणपेठी मागताना पुष्कळजणी ती इथल्याच पेठेची समजून घेतात. दुकानदारही हसून गप्प बसतो.

पेशवाईत या पेठांत आजच्यासारखा सरळ लांब रस्ता नव्हता. अरुंद गल्ल्या होत्या, वाड्यांच्या उंच भिंती होत्या, दिंडी दरवाजे होते, मधून मधून पाण्याचे हौद होते. कात्रजच्या तलावातून नळाने आणलेले पाणी त्या हौदांत पडे. घरातल्या बायकांनी बाहेर पडायचे निमित्त म्हणजे पाणी आणि देऊळ. तुळशीबागेतले राममंदिर नारो आप्पाजी खिरे यांनी बांधायला घेतले ते १७६१ साली. त्यांना पुढे तुळशीबागवाले म्हणू लागले. बेलबागेतले विष्णूचे देऊळ नाना फडणवीसांचे. देवळाला बायका आल्या, बायका आल्या म्हणून हळदी-कुंकू, बांगड्या, वेण्या, पूजेची भांडी विकणारे आले, आणि देवळाच्या आवारात बाजार उभा राहिला. तुळशीबागेत राम आत आणि बाजार बाहेर, ही रचना आजही तशीच आहे. भातुकलीची पितळी भांडी घेताना आत देऊळ आहे याचा आपल्यालाच विसर पडतो. बेलबागेचे तर दारच दुकानांच्या रांगेत हरवले आहे. ठाऊक असेल तरच ते सापडते.

पुढे नगरपालिका आली, टांगे आले, मोटारी आल्या. या गल्ल्या जोडून, रुंद करून, नदीकडच्या लकडी पुलाच्या बाजूपासून पूर्वेला कँपाच्या दिशेने जाणारा एक सलग रस्ता झाला. रुंदीकरणात कित्येक वाड्यांची तोंडे कापली गेली. जिथे ओटा होता तिथे दुकान झाले. मालक मागच्या चौकात राहायचे आणि पुढच्या बाजूला भाडेकरू व्यापारी बसायचे. लक्ष्मी रस्त्यावरचे जुने घर आजही पाहिले तर खाली झगमगते काचेचे दुकान, वर लाकडी कठड्याची माडी, आणि बाजूच्या अंधाऱ्या बोळातून आत शिरले की तुळशीवृंदावन, अशी त्याची तऱ्हा असते.

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे येऊ.

१ जानेवारी १८४८. बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. लक्ष्मी रस्त्यापासून ही जागा हाकेच्या अंतरावर, दगडूशेठ गणपतीच्या समोर. त्या वेळी सावित्रीबाईंना सतरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या शाळेत शिकवायला निघाल्या की वाटेत लोक त्यांच्यावर शेण-चिखल फेकत, आणि म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे ठेवत, ही आठवण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ज्या गल्ल्यांतून एका शिक्षिकेला शेणाने माखले म्हणून लुगडे बदलावे लागले, त्याच गल्ल्यांच्या शेजारी आज देशभरची लुगडी विकायला आहेत. हे लक्षात ठेवून त्या रस्त्याने चालले की चालणे वेगळेच होते.

फुले दांपत्य एका शाळेवर थांबले नाही. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत, आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत. शाळेसाठी स्वतंत्र इमारत नव्हती, म्हणून कुणीतरी आपल्या वाड्यातली जागा दिली. वाडा म्हटला की आपल्याला सोवळे-ओवळे, माजघर आणि विधवांचे कोंडलेले आयुष्य आठवते, आणि ते खोटे नाही. पण मुलींची पहिली पाटी-पेन्सिल चालली तीही वाड्यातच. दोन्ही गोष्टी एकाच लाकडी छपराखाली घडल्या.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा शाल देऊन सत्कार झाला, स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला. पेशवाई गेल्यावर तिथे संस्कृत पाठशाळा भरली. १८७९ साली पुण्यात मोठी आग लागली, तीत बुधवारवाडा जळून गेला आणि विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला. लोकवर्गणी जमवून तो पुन्हा उभारला. पुढे बरीच वर्षे नगरपालिकेची कचेरी तिथे होती. तुळशीबागेत शिरताना समोर जो सुरूच्या खांबांचा सज्जा दिसतो, तो हाच वाडा. पाच मिनिटे काढून त्याच्याकडे मान वर करून पाहा.

त्याच १८४८ सालात पुण्यात आणखी एक संस्था निघाली, ती म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर. लक्ष्मी रस्त्यावर बुधवार चौकात ते आजही आहे. एकाच वर्षी, एकाच पेठेत, पुरुषांसाठी वाचनालय आणि मुलींसाठी शाळा. यातल्या एका कामाला प्रतिष्ठितांचा आशीर्वाद मिळाला आणि दुसऱ्याला शेण. पण आज वाचनालयाच्या पुस्तकांवर बायकांचा हक्क पुरुषांइतकाच आहे, आणि तो त्या दुसऱ्या कामामुळे आहे.

यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षांनी गोष्टीचा पुढचा भाग येतो. तोपर्यंत मुलींना प्राथमिक शिक्षण मिळू लागले होते, पण पुढे काय? न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक अशा मंडळींनी मुलींसाठी हायस्कूल काढायचे ठरवले. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे या मागणीचे इंग्रजी निवेदन वाचून दाखवले ते रमाबाई रानडे यांनी. भर सभेत, परक्या भाषेत, परपुरुषांसमोर! घरी आल्यावर सासरच्या बायकांनी त्यांना चांगलेच बोलून घेतले. रमाबाईंनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात अशा प्रसंगांबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. बाहेरचा विरोध सोसता येतो, पण माजघरातला विरोध रोज ताटात वाढला जातो, हे आपल्यालाही काही नवे नाही.

१८८४ साली ते हायस्कूल सुरू झाले. तेच आपले हुजूरपागा. हुजूरपागा म्हणजे खुद्द पेशव्यांच्या घोड्यांची पागा. जिथे घोडे बांधत तिथे मुली शिकू लागल्या. त्या काळी या शाळेतल्या इंग्रजी शिक्षणावर, तिच्या वेळेवर, अभ्यासक्रमावर वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. टिळकांच्या 'मराठा' आणि 'केसरी'नेही ती केली. मुली दुपारभर शाळेत बसल्या तर घरकाम कोण करणार, हा त्यातला एक मुद्दा. शाळा टिकली. इरावती कर्वे लहानपणी ब्रह्मदेशातून पुण्याला आल्या त्या याच शाळेत शिकायला, आणि पुढे मानववंशशास्त्रातल्या मोठ्या विदुषी झाल्या.

हुजूरपागा लक्ष्मी रस्त्यावरच आहे. शाळा सुटली की गणवेशातल्या मुली खरेदीच्या गर्दीत मिसळतात, हे दृश्य आपण इतक्या वेळा पाहतो की त्याचे काही वाटत नाही. पण नीट विचार केला तर बाजारपेठेच्या ऐन मध्यावर, जागेला सोन्याचा भाव असताना, मुलींची शाळा आपल्या जागी ठाम आहे, ही साधी गोष्ट नाही.

तिसरी वास्तू सेवासदनाची. १९०९ साली रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या बरोबरीने उभे होते. इथे मोठ्या वयाच्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, विधवा शिवणकाम शिकल्या, शिक्षिका तयार झाल्या. सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. त्या वेळी चांगल्या घरच्या बाईने रुग्णाला हात लावणे म्हणजे बाटणे होते. ते काम मानाचे ठरवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. म्हणजे हुजूरपागेने मुलीला शिकवले आणि सेवासदनाने तिच्या आईला आणि आत्यालाही.

आता या दोन धाग्यांची गाठ मारू. बाजाराला गिऱ्हाईक लागते. पूर्वी घरातले कापड घेत ते पुरुष. व्यापारी गाठोडे घेऊन वाड्यात यायचा, सासूबाई ओटीवर बसून निवड करायच्या, सुनेने मिळेल ते नेसायचे. सुनेने स्वतः दुकानात जाऊन 'हा काठ नको, तो दाखवा' म्हणायचे, यासाठी आधी तिने रस्त्यावरून एकटीने चालण्याची सवय समाजाला व्हायला हवी होती. ती सवय कुणी लावली? पाटी-दप्तर घेऊन रोज ठरल्या वेळी चालत गेलेल्या मुलींनी, शिकवायला निघालेल्या बाईंनी, सेवासदनात शिवण शिकायला येणाऱ्या विधवेने. पुढे शिक्षिका आणि परिचारिका पगार मिळवू लागल्या, आणि पर्समध्ये स्वतःचे पैसे घेऊन बाई दुकानाची पायरी चढली. आमचे म्हणणे आहे की लक्ष्मी रस्ता बायकांचा झाला तो असा : आधी पाटी, मग पातळ.

आणि नुसत्या गिऱ्हाईक म्हणूनच बायका इथे आहेत असे नाही. जवळच मंडई आहे. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरे. १८८६ साली काळ्या दगडाची, मधोमध मनोरा असलेली इमारत झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. तिच्यावर होणाऱ्या मोठ्या खर्चाला जोतीराव फुल्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले! या मंडईत आणि तिच्या भोवती पाटी घेऊन बसणाऱ्या भाजीवाल्या, फुलवाल्या, लिंबू-मिरचीवाल्या कित्येक पिढ्या या रस्त्याच्या जिवावर घरे चालवत आल्या आहेत. इथे पाटी म्हणजे टोपली. एका पाटीने अक्षर दिले, दुसरीने भाकरी.

आता जरा अवघड गोष्टीकडे वळू. या वाड्यांचे पुढे काय झाले?

वाडा दगडी जोत्यावर उभा असतो. त्यावर सागवानी खांब-तुळ्यांचा सांगाडा, मध्ये विटा, चुना आणि माती. अशी इमारत दीडशे-दोनशे वर्षे सहज टिकते, पण एका अटीवर. दरवर्षी पावसाआधी कौले चाळायला हवीत, गळती थांबवायला हवी, वाळवी पाहायला हवी. पाणी तुळईच्या टोकात शिरले की ती आतून कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. आता यात भाडे नियंत्रणाचा कायदा आला. मुंबई प्रांताचा १९४७चा कायदा भाडेकरूंना घराबाहेर काढण्यापासून वाचवण्यासाठी होता, आणि युद्धानंतरच्या टंचाईत त्याने पुष्कळ गरीब कुटुंबे वाचवली. पण भाडी गोठली ती गोठलीच. महिन्याला पाच-दहा रुपये भाडे मिळणाऱ्या मालकाने कौले चाळायला माणूस कुठून लावायचा? भाडेकरू म्हणे दुरुस्ती मालकाची, मालक म्हणे राहतो तो करील. दोघांचेही आपापल्या जागी खरे, आणि पाऊस मात्र दोघांच्याही डोक्यावर पडतो. त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासलाही फुटले, आणि नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा पेठांतले कित्येक वाडे एका दिवसात गेले. जे उरले त्यांना पुढच्या काळात जागेच्या भावाने गाठले.

आज वाडा पाडून इमारत बांधली की भाडेकरूला मालकीचे घर मिळते, घरात संडास-न्हाणी येते, म्हाताऱ्या बाईला लिफ्ट मिळते. वाड्यात चौघींत एक नळ आणि चौकाच्या टोकाला संडास, असे दिवस ज्यांनी काढले त्यांना वाड्याच्या सौंदर्याचे कौतुक सांगायला आम्ही जाणार नाही. पावसाळ्यात पेठेतला वाडा कोसळल्याची बातमी आली की छातीत धस्स होते. जीव आधी, लाकूड नंतर. जुने ते सगळे ठेवा, असे म्हणणे सोपे, पण ते म्हणणारी बहुधा त्या वाड्यात राहत नसते.

तरीही काही वास्तूंचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. भिडेवाड्याचे काय झाले ते पाहा. फुले दांपत्याने मुलींना शिकवायला जिथे सुरुवात केली, तिथे खाली दुकाने होती आणि वरचा भाग मोडकळीला आला होता. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी बरीच वर्षे होती. पण जागेवर व्यापारी भाडेकरूंचे हक्क होते, त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यामुळे प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. २०२३च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल महापालिकेच्या बाजूने लागला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पालिकेने जागा ताब्यात घेऊन रातोरात ती जीर्ण इमारत उतरवली. त्या जागी स्मारक करण्यासाठी.

स्मारक व्हायलाच हवे. पण त्यातला धडाही घ्यायला हवा. वेळेवर दुरुस्ती झाली असती, दुकानदारांना वेळेवर दुसरी जागा मिळाली असती, तर ज्या जिन्याने त्या मुली चढल्या त्याची एखादी पायरी तरी आपल्या नातींना दाखवता आली असती. आता आपण जागा दाखवू शकू, वास्तू नाही. वाद न्यायालयात असतो तेव्हा पाऊस थांबत नाही.

याउलट विश्रामबागवाडा पाहा. तो जळाला होता, पण लोकांनी वर्गणी काढली. पुढे तो कचेरीसाठी वापरात राहिला, म्हणून त्याच्याकडे लक्ष राहिले. हुजूरपागा आणि सेवासदन अजून वापरात आहेत, म्हणून टिकून आहेत. जी वास्तू कामात असते तिला कुणीतरी झाडते, आणि जिला कुणीतरी झाडते तिची गळती वेळेवर दिसते. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळे सांगायला नको.

रस्त्याचेही तसेच. ११ डिसेंबर हा दिवस महापालिका २०२१पासून पादचारी दिन म्हणून पाळते, आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवते. त्या दिवशी तिथे गेलात तर रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंच्या माड्या पाहता येतात. एरवी गाड्या चुकवता चुकवता मान खालीच असते. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीलाही हा रस्ता असाच चालणाऱ्यांचा होतो. आता मंडईला भुयारी मेट्रोही आली आहे. म्हणजे गाडी न आणता इथे येणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

मग आपण काय करायचे? मोठे काही नको. पुढच्या खेपेला खरेदी झाली की अर्धा तास राखून ठेवा. बेलबागेचे दार शोधा. विश्रामबागवाड्याच्या सज्ज्याखाली उभ्या राहा. हुजूरपागेच्या फाटकापाशी मुलीला सांगा, की इथे आधी घोडे होते. भिडेवाड्याच्या जागी दोन मिनिटे थांबा. तुमच्या घरी पेठेत वाढलेल्या आजी असतील तर त्यांना विचारा : वाड्यात किती बिऱ्हाडे होती, भाडे किती होते, पहिली साडी स्वतःच्या पसंतीने कधी घेतली? त्या सांगतील ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. जुनी बिले, लग्नातल्या बस्त्याची यादी, वाड्याच्या दारातला फोटो, हे सगळे टाकून देऊ नका. वाडे पडतात, पण त्यांतल्या बायकांचे आयुष्य कागदावर उरू शकते, आणि ते लिहिण्याची सोय आपल्याला त्या १८४८च्या पाटीने करून दिली आहे.

पुढच्या भागात मंडईतल्या भाजीवाल्यांच्या गोष्टी घेऊन येऊ. तोवर नमस्कार.